साडेसतरा सेकंदांची इमारत

फॉर्म्युला वनच्या शर्यतीत गाडी टायर बदलायला थांबते तेव्हा सगळ्यांचे डोळे त्या दोन-अडीच सेकंदांवर खिळलेले असतात. चार चाकं निघतात, चार बसतात, गाडी सुटते. २०२३ साली कतारमध्ये मॅकलॅरेनच्या माणसांनी लँडो नॉरिसच्या गाडीचं हे काम १.८० सेकंदांत उरकलं आणि विक्रम केला. पण त्या थांब्याचा पुरता हिशेब मांडला, तर हातांच्या वाट्याला फारच थोडा वेळ येतो. बाकीचा वेळ इमारतीचा असतो. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन सर्किटवर २०११ साली उभी राहिलेली ‘द विंग’ ही पिटची इमारत ३९० मीटर लांब आहे. पिट लेनमध्ये वेगाची मर्यादा ताशी ८० किलोमीटर. म्हणजे नुसतं या इमारतीसमोरून जायलाच साडेसतरा सेकंद लागतात. भिंतीपलीकडे, मुख्य रस्त्यावर, ताशी अडीचशेने निघालेली गाडी तेवढंच अंतर पावणेसहा सेकंदांच्या आत कापते. मधल्या बारा सेकंदांवर कुठल्याही मेकॅनिकचा इलाज चालत नाही. ते नकाशा काढणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असतात. शर्यतीत एकदा थांबायचं की दोनदा, हा मोठा डाव त्याच बारा सेकंदांभोवती फिरतो. म्हणून पिटच्या नूतनीकरणाकडे रंगरंगोटी आणि नवं छप्पर म्हणून पाहणं मला पटत नाही. पिट बदलला की शर्यत बदलते.

मी धुळ्याचा. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडून येणारा, असे तीन महामार्ग आमच्या गावाशी येऊन मिळतात. इथे वाढलेल्या माणसाला गाडीच्या पोटाखालचं जग लहानपणापासून ओळखीचं असतं. आग्रा रोडच्या कडेला मालाने भरलेला ट्रक जॅकवर उचललेला असतो. मागच्या जोडचाकापैकी बाहेरचं चाक उतरवून जमिनीवर आडवं पडलेलं असतं. मेकॅनिक गुडघ्यावर बसून नटावर पाना बसवतो आणि पान्याच्या दांड्यावर पाय देऊन अंगाचा सगळा भार टाकतो. क्लीनर मात्र त्याच्याकडे पाहत नसतो. तो हातात फडकं घेऊन चार पावलं मागे उभा असतो, कारण मेकॅनिकची पाठ रस्त्याकडे आहे आणि त्या पाठीमागून गाड्या धडधडत चालल्या आहेत. हे दृश्य ज्याने जवळून पाहिलंय त्याला पिट लेनचा मूळ प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कामात मान खाली घातलेला माणूस आणि त्याच्या पाठीमागून जाणारं वाहन, या दोघांना एकाच जागेत कसं सुखरूप ठेवायचं, एवढाच तो प्रश्न आहे.

फॉर्म्युला वनला याचं उत्तर सापडायला फार उशीर झाला. १९९४ च्या मे महिन्यापर्यंत शर्यत चालू असताना पिट लेनमध्ये वेगाची मर्यादाच नव्हती. शर्यतीतल्या अपघातात चालक आयर्टन सेना गेला त्याच दिवशी, इमोलामध्ये, मिकेले अल्बोरेतोच्या मिनार्डीचं चाक पिटमधून सुटताना निखळलं आणि उभ्या असलेल्या मेकॅनिकांमध्ये घुसलं. माणसं जखमी झाली. त्या दिवसाच्या मोठ्या दुःखात ही बातमी दबून गेली, पण पिटमधली मर्यादा लगेच पुढच्या शर्यतीपासून आली. २०१३ मध्ये नुर्बर्गरिंगला मार्क वेबरच्या गाडीचं चाक असंच सुटून एका कॅमेरामनला लागलं, तेव्हा पिट लेनमध्ये कॅमेरा घेऊन उभं राहण्यावर बंधनं आली. इथला एकेक नियम कुणाच्या तरी मोडलेल्या हाडांवर उभा आहे. नवा पिट बांधणारा वास्तुकार हे विसरला, तर त्याच्या इमारतीचं मी कधीच कौतुक करू शकणार नाही.

सिल्व्हरस्टोन मी रसग्रहणासाठी निवडलं, कारण तिथे दोन काळांतले दोन पिट आजही शाबूत आहेत आणि दोन्ही वापरात आहेत. जागा मुळात विमानतळाची. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, इथे धावपट्ट्या पडल्या आणि वेलिंग्टन बॉम्बर विमानांच्या चमूंचं प्रशिक्षण सुरू झालं. युद्ध संपलं आणि २ ऑक्टोबर १९४८ ला तिथे पहिली ग्रां प्री झाली. वाट आखायला गवताच्या पेंढ्या होत्या. धुळ्याजवळ गोंदूरला विमानाची धावपट्टी आहे. ती पाहिलेल्या माणसाला अशा मैदानाचा स्वभाव कळतो. आडोसा नाही, चढ-उतार नाही, वारा मात्र भरपूर. अशा सपाट जागेवर इमारत उभी करायची, तर तिला टेकायला काहीच नसतं. १३ मे १९५० ला राजे सहावे जॉर्ज यांच्या उपस्थितीत जागतिक अजिंक्यपदाची पहिलीवहिली शर्यत इथेच झाली. १९५२ मध्ये पिट वुडकोट आणि कॉप्स या दोन वळणांच्या मध्ये आला आणि पुढची जवळजवळ साठ वर्षं शर्यत तिथूनच सुटत राहिली.

या मैदानावर पिटने शर्यत फिरवण्याची परंपरा जुनी आहे. १९५१ मध्ये अल्फा रोमिओच्या गाड्या वेगवान होत्या, पण पेट्रोल अक्षरशः पीत होत्या. लिटरला जेमतेम अर्धा किलोमीटर. फेरारीचं इंजिन त्या मानाने कमी पिणारं. अल्फाला जास्त वेळ पिटमध्ये घालवावा लागला आणि होसे फ्रोइलान गोन्सालेसने फेरारीला अजिंक्यपदातला पहिला विजय मिळवून दिला. त्या शर्यतीतला मला सर्वांत प्रिय क्षण वेगाचा नाही. गोन्सालेस पेट्रोल भरायला थांबला. संघातला ज्येष्ठ चालक अल्बेर्तो अस्कारी आपली गाडी बिघडल्यामुळे पिटमध्येच उभा होता. तेव्हाच्या नियमात चालक अदलाबदल करू शकत असत. गोन्सालेस गाडी द्यायला तयार झाला. अस्कारीने नकार देऊन त्याला पुढे जायला सांगितलं. त्या साध्या पिटमध्ये एका माणसाने दुसऱ्यासाठी केलेली ही गोष्ट शर्यतीच्या निकालात कुठेच दिसत नाही, पण विजय तिच्यावर उभा आहे.

आणि १९९८! त्या दिवशी तर जुन्या पिटच्या रचनेनेच निकाल लावला. पावसात शर्यत चाललेली. मिखाएल शुमाखरला सेफ्टी कार (सगळ्यांचा वेग आवरत पुढे चालणारी गाडी) रस्त्यावर असताना दुसऱ्या गाडीला मागे टाकल्याबद्दल दहा सेकंदांची शिक्षा झाली. पण ती कळवायला पंचांना उशीर झाला, आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवरून ही शिक्षा थांबून भोगायची की वेळेत मिळवायची, याचाही उलगडा होईना. फेरारीने शुमाखरला शेवटच्या फेरीत पिटमध्ये बोलावलं. आता जागेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. शर्यतीची अंतिम रेषा मुख्य रस्त्यावरून तशीच पुढे पिट लेनमध्येही जाते, आणि फेरारीचं गॅरेज त्या रेषेच्या पुढे होतं. म्हणजे शिक्षा भोगायला आपल्या गॅरेजपाशी पोहोचण्याआधीच शुमाखरने रेषा ओलांडली. शर्यत संपली आणि तो जिंकला. मॅकलॅरेनने तक्रार केली, ती फेटाळली गेली, आणि त्या शर्यतीच्या तिन्ही पंचांनी पुढे आपले परवाने परत केले. न्यायाच्या दृष्टीने हा प्रकार गैरच, असं माझं मत आहे. पण पिटचा वाचक म्हणून मला त्यातून एक गोष्ट कायमची शिकायला मिळाली. गॅरेज रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हा नकाशावरचा तपशील ग्रां प्रीचा विजेता ठरवू शकतो.

फॉर्म्युला वनमधून जुना पिट गेला तो अपघाताने नव्हे, पैशाने आणि दबावाने. फॉर्म्युला वनचे तेव्हाचे सर्वेसर्वा बर्नी एक्लेस्टन वर्षानुवर्षं सिल्व्हरस्टोनच्या सोयींना नावं ठेवत होते. २००८ च्या जुलैमध्ये त्यांनी २०१० पासूनची ब्रिटिश ग्रां प्री डॉनिंग्टन पार्कला देऊन टाकली. डॉनिंग्टनला पैसे उभे करता आले नाहीत. मग डिसेंबर २००९ मध्ये सिल्व्हरस्टोनशी १७ वर्षांचा करार झाला आणि त्याबरोबर नवा पिट आणि नवा पॅडॉक बांधणं आलंच. सर्किटचा मालक आहे ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लब, म्हणजे चालकांचीच संस्था. क्लबने आपल्या तिजोरीला झेपेल की नाही अशा खर्चात हात घातला. इमारतीला २ कोटी ७० लाख पौंड लागले. आराखडा पॉप्युलस या कंपनीचा.

आता विंग नीट पाहू या. बहुतेक जण छपरापासून सुरुवात करतात, कारण हेलिकॉप्टरच्या कॅमेऱ्यातून तेच दिसतं. लांबच लांब, तिरकस कापलेलं, मध्येच उचललेलं आणि पुन्हा उतरणारं ते छप्पर सपाट मैदानावर एक ठाम रेघ ओढतं. आडोसा नसलेल्या जागेत इमारतीने स्वतःच क्षितिज व्हायचं ठरवलं, आणि ते मला आवडतं. पण माझं मन छपरावर फार रेंगाळत नाही. मी जमिनीपासून वर वाचत जातो.

खाली गॅरेजं, एकूण ४१. प्रत्येक गॅरेजला दोन तोंडं. पुढच्या तोंडातून गाडी लेनमध्ये जाते, मागच्या तोंडातून टायर, सुटे भाग, माणसं पॅडॉकमधून आत येतात. पॅडॉक म्हणजे पिटमागचं आवार. संघांचे ट्रक आणि फिरती कार्यालयं तिथे रांगेने लागतात. वरच्या मजल्यांवर पाहुणे, पत्रकार, शर्यतीचा नियंत्रण कक्ष, विजेत्यांचा मंच. इतक्या प्रकारची माणसं एका इमारतीत आणि प्रत्येकाची घाई वेगळी. मेकॅनिकला पाहुणा आडवा येता कामा नये, पाहुण्याला मात्र मेकॅनिक दिसला पाहिजे. १८८४ साली नोकरीला लागलेल्या तरुण अभियंता विश्वेश्वरय्यांना सुरुवातीलाच आमच्या खानदेशात पांझरेच्या खोऱ्यात काम मिळालं होतं: एक प्रवाह दुसऱ्याला ओलांडून न्यायचा, तोही सायफनच्या नळातून, दोन्हींचं पाणी एकमेकांत न मिसळता. विंगमध्ये मला तीच बुद्धी दिसते. मजल्यांची, जिन्यांची आणि दारांची मांडणी अशी केली आहे की दोन गर्द्या एकमेकींना ओलांडतात आणि तरी भिडत नाहीत. या प्रकारचं काम चोख झालं की ते दिसत नाही, म्हणून त्याचं कौतुकही कुणी करत नाही. मला करावंसं वाटतं.

गॅरेजसमोर लेन. तिचे दोन भाग. भिंतीलगतचा पट्टा जाणाऱ्या गाड्यांचा, गॅरेजलगतचा पट्टा कामाचा. थांबा घेणारी गाडी बाहेरच्या पट्ट्यातून आतल्या पट्ट्यात तिरकी शिरते, आखलेल्या चौकोनात थांबते आणि पुन्हा तिरकीच बाहेर पडते. या दोन तिरक्या रेषांना जागा द्यायची तर लेन रुंद हवी. रुंदी म्हणजे माणसाच्या पाठीमागे उरलेली मोकळी जागा. आमच्या हायवेवरच्या क्लीनरचं काम इथे रुंदीने आणि रंगवलेल्या रेघेने केलं आहे. लेनच्या पलीकडे पिटची भिंत, आणि तिला टेकून संघाच्या डावपेचकारांच्या उंच खुर्च्या. त्यांच्या एका बाजूला शर्यत, दुसऱ्या बाजूला आपली माणसं.

लेनमध्ये शिरायची वाट मला या सगळ्या रचनेतली सर्वांत धीट गोष्ट वाटते. वेल या वळणापाशी मुख्य रस्ता डावीकडे वळतो आणि मग ‘क्लब’ नावाच्या लांब उजव्या वळणातून मुख्य सरळ रस्त्यावर येतो. पिटची वाट हा फेरफटका आतून कापते. त्यामुळे थांबणाऱ्याला थोडा वेळ परत मिळतो आणि इमारतीच्या लांबीने घेतलेल्या वेळातला काही भाग नकाशाच परत करतो. लांबीने घ्यायचं आणि वळणाने द्यायचं, असं हे माप आहे.

विंगबद्दल माझी नाराजीही आहे. शर्यतीची सुरुवात क्लब आणि ॲबी या वळणांच्या मध्ये हलली तेव्हा कॉप्सचं पहिलं वळण म्हणून असलेलं स्थान गेलं. दोन पिढ्यांनी ज्या कठड्याशी उभं राहून सुरुवात पाहिली, तो कठडा शांत झाला. मोठ्या इमारतीला जुन्या वुडकोट-कॉप्सच्या पट्ट्यात जागा मिळणं कठीण होतं, हे मान्य. पण प्रेक्षकाची सवय हीदेखील सर्किटची एक बांधीव मालमत्ता असते, आणि तिची किंमत कुठल्याही अंदाजपत्रकात मांडलेली नसते. शिवाय नवं पहिलं वळण, ॲबी, फार वेगाचं. २०२२ च्या सुरुवातीच्या धडकेत चालक झोउ ग्वान्यूची गाडी उलटी होऊन घसरत जाऊन टायरांच्या भिंतीवरून उडाली आणि जाळीत अडकली. डोक्याभोवतीच्या ‘हेलो’ या कमानीमुळे तो वाचला. जुना पिट आजही नॅशनल सर्किटच्या शर्यतींना वापरतात, ब्रिटिश टूरिंग कारच्या गाड्या तिथेच थांबतात, हे मात्र मालक क्लबचं शहाणपण. नवं बांधलं म्हणून जुनं पाडायलाच हवं, असा हट्ट त्यांनी धरला नाही.

१० जुलै २०११ ला विंगसमोर पहिली ग्रां प्री झाली. गोन्सालेसच्या विजयाला साठ वर्षं झाली म्हणून फर्नांडो अलोन्सोने त्या आठवड्यात जुनी फेरारी ३७५ या रस्त्यावर फिरवली होती. शर्यतीत पुढे होता सेबास्टियन वेटेल. तो पिटमध्ये आला आणि मागचा जॅक नीट चालेना. काही सेकंद गेले, तेवढ्यात अलोन्सो पुढे गेला आणि शर्यत जिंकला. त्याच दिवशी जेन्सन बटनच्या पुढच्या चाकाचा नट न बसवताच गाडी सोडली गेली आणि पिटमधून बाहेर पडतानाच त्याची शर्यत संपली. कोट्यवधी पौंडांच्या नव्या इमारतीत पहिल्याच ग्रां प्रीत एका जॅकने आणि एका नटाने निकाल लावला! साडेसतरा सेकंद इमारतीचे असतात, हे खरं. पण ते सगळ्यांना सारखेच मिळतात. उरलेले अडीच ज्याचे त्याचे.

विंगचं आणखी एक यश शर्यतीबाहेरचं आहे. वर्षातले बहुतेक दिवस तिथे ग्रां प्री नसते, पण इमारत रिकामी नसते. परिषदा होतात, प्रदर्शनं भरतात. २०२२ मध्ये समोरच्या बाजूला हॉटेल उघडलं आणि ते रस्त्यावरून जाणाऱ्या पुलाने विंगला जोडलं. हे लिहिताना मला आपलं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आठवल्याशिवाय राहत नाही. तेही २०११ चंच, विंगचं समवयस्क. ग्रेटर नोएडात हेर्मान टिल्केने आखलेलं, चढ-उतारांनी भरलेलं, चालकांना मनापासून आवडलेलं. २०११ ते २०१३ अशा तीन ग्रां प्री झाल्या, तिन्ही वेटेलने जिंकल्या आणि पुढे पिटची दारं या खेळासाठी बंद झाली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मोटोजीपी आली तेव्हा मोटरसायकलींच्या सुरक्षेसाठी कडेचे खडीचे पट्टे आणि कठडे नव्याने करावे लागले. मार्को बेझेक्कीने ती शर्यत जिंकली आणि पुढच्या वर्षी मोटोजीपी परतली नाही. पिट बांधून होत नाही, तो वापरून होतो. त्या अर्थाने मला चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचं जास्त कौतुक आहे. शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवर शर्यती भरवणाऱ्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने १९९० मध्ये तिथे स्वतःचं सर्किट उभं केलं आणि ते जागतं ठेवलं. पुण्याच्या डायना पंडोल यांनी २०२४ मध्ये राष्ट्रीय कार रेसिंग अजिंक्यपद जिंकलं, तेही तिथेच, पुरुषांच्या बरोबरीने धावून. असं अजिंक्यपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. तिथल्या पिटला विंगसारखं छप्पर नाही. गॅरेजात मात्र दर मोसमात ग्रीस सांडतं.

आपल्याकडे ब्रिटिश ग्रां प्री रविवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होते. ६ जुलै २०२५ ची शर्यत ज्यांनी पाहिली असेल त्यांना पाऊस आठवत असेल, आणि १९ व्या क्रमांकावरून सुटलेला निको हुल्केनबर्ग २३९ व्या शर्यतीत कारकिर्दीतल्या पहिल्या मंचावर कसा चढला, तेही आठवत असेल. टायर कधी बदलायचे, हे त्याच्या संघाला बरोबर कळलं होतं. पण मी त्या शर्यतीतला दुसराच क्षण पुन्हा पुन्हा पाहतो. ऑस्कर पियास्त्री पुढे होता. सेफ्टी कारच्या मागे अचानक ब्रेक दाबल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. दहा सेकंद, १९९८ मध्ये शुमाखरला होती तेवढीच. पियास्त्री टायर बदलायला विंगसमोर आला आणि चौकोनात थांबला. नियम असा, की शिक्षेची वेळ पुरी होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. चारही कोपऱ्यांत माणसं गुडघ्यावर बसलेली, नट फिरवणारी गन चाकापासून वीतभर अंतरावर रोखलेली, नवी चाकं हातात तोललेली, आणि कुणीही हलत नाही. ज्यांचं सगळं शिक्षण दोन सेकंदांत मोकळं होण्याचं, त्यांनी दहा सेकंद तसंच थांबायचं. वेळ पुरी होताच हात चालले, गाडी सुटली आणि शर्यत लँडो नॉरिसकडे गेली. घरच्या मैदानावरचा त्याचा पहिला विजय. १९९८ च्या पिटने शिक्षा चुकवू दिली होती. या पिटने ती सर्वांसमोर, मोजून, पूर्ण भोगायला लावली.